पक्षानं दिलेलं आजारपण

फुलं सकाळी साडेआठला आली. म्हणजे जवळजवळ आठ तास लवकर. दार उघडलं तर फुलवाल्याचा माणूस उभा. हातातला गुलाबी कार्नेशनचा गुच्छ इतका मोठा, की त्याचं तोंडच दिसत नव्हतं. गुच्छाच्या आतूनच त्यानं विचारलं, "पेशंट कशी आहे?" मी म्हटलं, "कोण पेशंट?" "मिसेस थ्रॉस्बी." "आहे," मी म्हटलं, "दुपारपर्यंत काढेल असं वाटतंय." त्यानं हळहळल्यासारखा आवाज केला, कागदावर सही घेतली आणि गेला. कार्डावर लिहिलं होतं: 'प्रिय एनिड, आज मतदानाला तू नव्हतीस, फार चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. लवकर बरी हो. कौन्सिलातले तुझे सगळे सहकारी.' मतदान दुपारी तीनला होतं. मी उंबऱ्यातच स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. डाव्या गुडघ्याचं नेहमीचं रडगाणं सोडलं तर एकसष्टाव्या वर्षी बाईनं जितकं ठणठणीत असावं तितकी मी होते. पण खोटं कशाला सांगू, क्षणभर शंका आलीच. तीस वर्षं मी पक्षाचं ऐकत आलेय. पक्ष म्हणतोय आजारी, तर कुठं तरी काही तरी असेलही.

आजाराची लक्षणं मुळात डेझ्मंडला दिसली होती. डेझ्मंड पार्जेटर हा आमच्या पक्षाचा कौन्सिलातला प्रतोद. शिकारीत कुत्री कळपातून फुटू नयेत म्हणून चाबूक घेऊन मागं राहणारा एक माणूस असतो. आमच्या राजकारणानं तो माणूस तिथूनच उचलला, फक्त त्याला घोडा दिला नाही. गुरुवारी तो माझ्या स्वयंपाकघरात बसला, आल्याची तीन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि म्हणाला, "एनिड, तू थकलेली दिसतेस." मी म्हटलं, "डेझ्मंड, तू माझ्याकडं पाहिलंच नाहीस अजून. बिस्किटांकडंच पाहतोयस." मग त्यानं पाहिलं आणि गणित सांगितलं. कौन्सिलच्या मालकीची अकरा शेतं आहेत, कुळांना दिलेली, ऑर्स्बी हंट या शिकारमंडळाच्या मुलखाच्या नेमकी मधोमध. त्या शेतांवरून कुत्र्यांनिशी कोल्ह्याची शिकार जाऊ द्यायची नाही, असा ठराव मंगळवारी यायचा होता. ठराव आमचाच. जाहीरनाम्याच्या चौदाव्या पानावर तो सात वर्षं आहे, आणि तिथं तो मीच भांडून घातला. शहरातल्या लोकांना कोल्हा आवडतो, कारण त्यांच्याकडं कोंबड्या नाहीत. पण येत्या मे महिन्यात पक्षाला खेड्यांतल्या चार जागा जिंकायच्या होत्या, आणि तिथल्या लोकांना शिकार आवडते. दोन्हीकडची मतं हवीत तर काय करायचं? "आपण मोजलं," डेझ्मंड म्हणाला. "ठरावाच्या बाजूनं सत्तावीस, विरोधात सव्वीस. तू आलीस तर. नाही आलीस तर सव्वीस-सव्वीस. मग अध्यक्षाचं निर्णायक मत." अध्यक्ष होरेस विग्ली, म्हणजे पुन्हा आमचाच माणूस. पण बरोबरी झाली की अध्यक्षानं आहे ते आहे तसंच ठेवायच्या बाजूनं मत द्यायचं, अशी आमच्याकडं परंपरा आहे, आणि होरेसनं आयुष्यात बरंच काही मोडलंय, पण परंपरा मात्र कधी मोडलेली नाही. "त्याचं दुःखाचं भाषण टाईपसुद्धा झालंय," डेझ्मंड म्हणाला. "म्हणजे पक्षाची भूमिका बदलली?" मी विचारलं. त्याला खरोखर वाईट वाटलं. "बदलली? एनिड! भूमिका तीच आहे. ती फक्त हरणार आहे." "एका मतानं." "एका मतानंसुद्धा नाही. परंपरेनं. कुणाचाच दोष नाही." मी विचारलं, आजारी पडायला मीच का. तर तो उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून, खालच्या आवाजात, जसं काही माझ्या घरात कुणी गेलंय अशा सुरात म्हणाला, "तुझा भाऊ. सगळे समजून घेतील. कुणी तुझ्याकडं बोट दाखवणार नाही." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचं त्यांनी आजारपण केलं, आणि फुलवाल्यानं वेळ चुकवली.

बाराच्या बसनं निघाले. वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर. एकेकाळी मोजे विणणाऱ्या गिरण्या होत्या तिथून बस जाते. एकीत मी पंधराव्या वर्षापासून होते, आता तिथं गालिचे विकतात आणि पुढच्या गल्लीत साड्या. आमच्या शहरात आता कोल्हेही राहतात. रेल्वेच्या उतारावर, शाळांच्या मागं, कचऱ्याच्या डब्यांवर आपला हक्क असल्यासारखे. माणूस दिसला तर रस्ता ओलांडतात, तोही उजवीकडं-डावीकडं बघून. त्यांना पाहून मी दर वेळी थांबते, आणि ते दयेनं नव्हे. मला वाटतं, याला कुणी सांगितलंच नाही की काय, की कोल्ह्यानं पळायचं असतं?

मी कोल्ह्यांच्या बाजूच्या घरात वाढले नाही. माझा बाप ऑर्स्बी हंटचा नोकर. आमचं घर केनेलच्या भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडं पासष्ट हाउंड, म्हणजे शिकारी कुत्री. पासष्ट म्हटलेलं बापाला चालायचं नाही. हाउंड जोडीनं मोजतात, साडेबत्तीस जोड्या म्हणायचं. कुत्री म्हटलं तर जेवण बंद. आजूबाजूच्या शेतांवर गाय मेली, घोडा मेला, की शेतकरी निरोप धाडायचा आणि बाप गाडी घेऊन जायचा. मागच्या अंगणात कातडं सोलायचं, मांस मोठ्या हंड्यात ओटच्या भरडीबरोबर शिजायचं. तो वास माझ्या वेण्यांत असे. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नसे, आणि ऐसपैस बसायची सवय मला तेव्हापासूनची. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की गावातल्या घराघरांत वाढवायला द्यायची, कळपात जाण्याआधी त्यांना माणूस कळावा म्हणून. ही आमच्याकडची रीत. आमच्या घरी एक वर्षी रॅन्सम नावाचं पिल्लू आलं. त्यानं बापाची सपात खाल्ली, आईचा उन्हात वाळत टाकलेला झगा खाल्ला, प्रार्थनेचं पुस्तक मात्र हुंगून सोडून दिलं. माझ्या पायांवर झोपायचं. वसंतात त्याला परत केनेलात नेलं. आठवड्यानं मी गजांशी उभी राहून हाक मारली. पासष्टही माना वळल्या आणि त्यातली एकही पुढं आली नाही. तो मला ओळखत होता, मला शेपटीवरून कळलं. पण आजूबाजूला पाहून गप्प राहिला. पुढं कौन्सिलात निवडून आल्यावर मला या गोष्टीचा फार उपयोग झाला.

आणि तो आवाज. आमच्या पक्षातल्या लोकांना मी हे कधी सांगितलेलं नाही, कारण त्यांचा चेहरा पडतो. नोव्हेंबरच्या ओल्या सकाळी, खालच्या झाडीत साडेबत्तीस जोड्यांना एकदम वास लागला की जो आवाज उठतो, त्याहून सुंदर मी काही ऐकलेलं नाही, चर्चमध्येसुद्धा नाही. माझ्या अंगावर आजही काटा येतो. शिकारीविरुद्ध बोलणाऱ्या शहरी बायका सभेत मला विचारतात, 'किती भयंकर असेल नाही ते, तुम्ही लहान असताना?' मी म्हणते, फार. काय सांगणार? भयंकर असतं तर सोपं होतं.

मी दहा वर्षांची असताना बापाबरोबर पहाटे बिळं बंद करायला जायचे. कोल्हा रात्रभर बाहेर हिंडतो. तो परतायच्या आत त्याच्या बिळाची तोंडं काटेरी फांद्या आणि माती घालून बुजवायची, म्हणजे दिवसा हाउंड मागं लागले की त्याला घरात शिरता येत नाही, पळावंच लागतं. मी फावडं धरायचे. "मग तो जाणार कुठं?" मी एकदा विचारलं. बाप म्हणाला, "पळेल. त्यासाठीच तर." त्यात दुष्टपणा नव्हता. पाव भाजणारा जसं पिठाबद्दल बोलतो तसं. त्याच दिवशी दुपारी मी कुंपणावर बसून पाहत होते. आवाज लांब होता, दोन शेतांपलीकडं. कोल्हा उताराच्या वाटेनं बिळापाशी आला. घाईनं नव्हे. दोनदा पंजा मारून पाहिला. मग मागं सरून, आपण दुसऱ्याच्या दारात तर नाही ना आलो, अशा तऱ्हेनं डावीकडं-उजवीकडं बघितलं. माती ताजी होती, माझ्या बुटाचा ठसा त्यात होता. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण पुढचं सगळ्यांना माहीतच असतं.

एकावन्न साली बापाच्या अंगावर घोडा पडला आणि पाय मांडीतून गेला. हंटच्या मालकांचं पत्र आलं, चांगल्या जाड कागदावर: सेवेबद्दल आभार, आणि पंचवीस मार्चपर्यंत घर रिकामं करावं. घर हंटचं, नोकरी आहे तोवर छप्पर. आईनं पत्र दोनदा वाचून कपाटावर उभं ठेवलं, नाताळचं कार्ड ठेवतात तसं. मी एकोणीस वर्षांची, शहरात गिरणीत, खोलीत तिघी. सिरिल, माझा धाकटा भाऊ, सोळाचा. त्याला रेडिओचं वेड. बिघडलेले रेडिओ आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडायचा, आणि गावातल्या दुकानदारानं त्याला हाताखाली घ्यायचं कबूल केलं होतं. तो पंचवीस मार्चच्या आत केनेलात लागला. घर राहिलं. बाप त्याच घरात मेला, आई त्याच घरात. सिरिल आता अठ्ठावन्नचा, हाउंडांचा मुख्य माणूस, डोरीनशी त्याच घरात लग्न झालं, आणि डोरीनची छाती आता इतकी वाईट आहे, की ती जिना दिवसातून एकदाच चढते. अकरा शेतं मुलखाच्या मधोमध आहेत. ती गेली तर ऑर्स्बी हंट उरत नाही, शेजारच्या हंटात मिसळतो. आणि शेजारच्या हंटाकडं त्यांचा मुख्य माणूस आहे, त्यालाही घर आहे, बायको आहे. हे सगळं डेझ्मंडनं न सांगताही मला ठाऊक होतं. बस थांबली तेव्हा मी उठलेच नाही. कंडक्टर वर येऊन म्हणाला, "बाई, शेवटचा स्टॉप. इथून पुढं बससुद्धा जात नाही."

कौन्सिलच्या उपाहारगृहात मनसुखभाई लाखाणी आपला डबा उघडून बसले होते. मनसुखभाई युगांडातून आले, आमच्याच पक्षाचे, माझ्या शेजारच्या वॉर्डाचे. ते शाकाहारी, म्हणून शिकारीबद्दल वर्तमानपत्रवाले आधी त्यांना विचारतात, आणि ते दर वेळी सांगतात, "मी कोल्हा खात नाही." मला पाहून त्यांच्या हातातला थेपला वरच्या वर राहिला. "एनिडबेन! तुम्ही तर आजारी!" "कुणी सांगितलं?" "मी कार्डावर सही केलीय! मला वाटलं, खरंच काही तरी झालंय. मी घरी सांगितलं. बायकोनं तुमच्यासाठी देवाजवळ दिवा लावलाय." "मग?" "मग काय, आता फोन करून विझवायला सांगू?" मी म्हटलं, "राहू द्या. तीन वाजता लागेल." त्यांनी अर्धा थेपला माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "भावाचं काय?" मी म्हटलं, "तेच तर." "माझा भाऊ असता तर मी आजारी पडलो असतो," ते म्हणाले. "खरा. तापासकट." मी थेपला खाल्ला. त्यांनी मला चांगलं म्हटलं असतं तर मला राग आला असता; त्यांनी म्हटलं नाही, आणि तरीही आला.

डेझ्मंडनं मला लांबून पाहिलं. माणूस गेलेल्या माणसाला पाहतो तसा तो आधी थबकला आणि मग हसत पुढं आला. "एनिड. बरं वाटतंय?" "फुलांनी फार फरक पडला." त्याचा चेहरा लाल झाला. कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "हे बघ, मे महिन्यात तुझ्या वॉर्डातून उभं राहायला तीन तरुण मंडळी तयार बसलीयत. मी त्यांना थोपवून धरलंय." "थोपवू नकोस, दमशील." "एनिड, तुला कळतंय ना तू काय करायला निघालीयस? तू पक्षाच्या बाजूनं मत देऊन पक्षाचा विश्वासघात करणार आहेस!" हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडल्यावर तो स्वतःच दोन क्षण त्याच्याकडं पाहत राहिला. मी पिशवीतून जाहीरनामा काढला. चौदावं पान दुमडलेलंच होतं. "हे खोटं आहे का?" मी विचारलं. "खोटं कसं असेल? तो जाहीरनामा आहे." "मग?" "अगं, जाहीरनामा लोकांसाठी असतो," तो कळकळीनं म्हणाला. मला त्याची दया आली. तो वाईट माणूस नाही. त्याची आई माझ्याबरोबर गिरणीत होती. पण मला जे झोंबत होतं ते जाहीरनाम्याचं नव्हतंच. त्यांनी मला लपायला जी जागा दिली होती ती माझ्या भावाची होती. सिरिलच्या छपराखाली पक्ष लपणार, होरेस लपणार, चार जागांचे चार उमेदवार लपणार, आणि दारात मला उभं करणार, लोकरीची शाल आणि गुलाबी फुलं देऊन. घरात इतकी गर्दी झाल्यावर त्या घरवाल्याचं कोण विचारतंय?

सिरिल जिन्यात भेटला. मला त्याच्याआधी वास भेटला. तपकिरी कोट, गळ्याला टाय, दाढी इतकी घोटलेली की हनुवटीवर रक्ताचा ठिपका. प्रेक्षकांच्या गॅलरीत जायला निघाला होता. "तू इथं?" मी म्हटलं. "कर्नलनी पाठवलं. म्हणाले, तिला दिसेल असा बस." कर्नल म्हणजे हंटचे आताचे मालक. "दिसशील. टाय कुणाचा?" "डोरीननं आणला. तुला दिसावा म्हणून." आम्ही दोघं हसलो, आणि लगेच दोघांनाही त्याचा पश्चात्ताप झाला. तो कठड्याला टेकला. "एनी, कर्नल म्हणाले तू येणारच नाहीस. ठरलंय म्हणाले." "कर्नलना कुणी सांगितलं?" "तुमच्याच पार्जेटरनं. दोघं एकाच ठिकाणी गोल्फ खेळतात." मला ते ऐकून हसू आलं नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. "मग आलीस कशाला?" सिरिल म्हणाला. "आलीस तर आलीस, वर येऊन माझ्याशेजारी बस. खाली जाऊ नकोस. कुणी तुला काही बोलणार नाही." "तूही त्यांच्यासारखंच बोलतोयस." "मी घराबद्दल बोलतोय." "माझ्याकडं वरची खोली आहे. मागं छोटी बाग आहे. डोरीनला खालची खोली देऊ, जिना नको." "आणि साडेबत्तीस जोड्या? तुझ्या न्हाणीघरात?" "त्यांना शेजारचा हंट घेईल." "अर्ध्यांना घेईल. तरण्या. बाकीच्यांचं काय करतात तुला माहीत आहे. करणारा मीच असेन." मग तो म्हणाला, "एका कोल्ह्यासाठी, एनी?" मला म्हणायचं होतं, कोल्ह्यासाठी नाही रे. पण मग कशासाठी? माझ्या बुटाच्या ठशासाठी? हे जिन्यात कसं सांगणार? "तुझ्या जागी मी असतो तर घरी बसलो असतो," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून गेलं, "बसलास की. बेचाळीस वर्षं." गेलेलं परत घेता येत नाही. त्याच्या हनुवटीवरचा ठिपका तेवढा लाल राहिला, बाकी सगळा चेहरा पांढरा झाला. तो शांतपणे म्हणाला, "मला रेडिओ दुरुस्त करता येत होते." आणि वर निघून गेला.

सभागृहात माझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, आजारी माणसाची ठेवतात तशी. मनसुखभाईंनी ती ओढून पुढं आणली. एवढा आवाज झाला, की होरेसनं भाषणातून डोकं वर काढलं. समोर त्याचे दोन टाईप केलेले कागद होते, आणि मला पाहून त्यानं ते हळूच उलटे केले. चर्चा झाली. विरोधी बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, शिकार हा ग्रामीण जीवनाचा आत्मा आहे; आमच्या बाजूच्या बाई म्हणाल्या, शिकार हा त्या आत्म्यावरचा डाग आहे; आत्म्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. कोल्ह्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि त्या अकरा शेतांवरची बिळं कोण बुजवतं याबद्दल तर नाहीच. मी वर पाहिलं. सिरिल पहिल्या रांगेत बसला होता, कर्नलनी सांगितल्याप्रमाणं, दिसेल असा. पण तो माझ्याकडं पाहत नव्हता. गॅलरीच्या भिंतीत एक लाउडस्पीकर होता, खरखरत होता; तो त्याच्याकडं पाहत होता, मान थोडी तिरपी करून, आत कुठली तार सुटलीय ते ऐकत असल्यासारखा. तेवढ्यात माझं सगळं धैर्य गेलं. मला वाटलं, उठावं, बाहेर जावं, तोंडावर पाणी मारावं, तेवढ्यात होऊन जाईल. बाहेर जायचं दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं आणि कुणी तरी ते माझ्यासाठी अर्धवट उघडं ठेवलं होतं. अगदी प्रेमानं. बाहेरच्या बोळात उजेड होता. मी त्या दाराकडं पाहिलं, आणि मला राग आला. साधा, गिरणीतला राग, मुकादम घड्याळाचे काटे मागं करायचा तेव्हा यायचा तसा. ज्याला जिथून जायचंय तिथली तोंडं बुजवायची आणि एकच वाट मोकळी ठेवायची, हे काम मला येतं. मी लहानपणी फावडं धरलंय. या वाटेनं मला कुणी पळवू शकणार नाही. माझ्या भावाचं घर जाणार असेल तर ते माझ्या हातानं जाईल, आणि हात सगळ्यांना दिसेल, त्यालासुद्धा.

"ठरावाच्या बाजूनं?" होरेस म्हणाला. मी हात वर केला. गुडघ्यासारखाच खांदाही कुरकुरला. कारकुनानं मोजलं, मग पेन्सिलीनं एकेका डोक्याकडं दाखवत पुन्हा मोजलं, आणि माझ्यापाशी येऊन पेन्सिल थबकली. "सत्तावीस," तो म्हणाला. विरोधात सव्वीस. होरेसनं दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. इतकं सुरेख दुःख वाया गेलं. टाळ्या वाजल्या. सर्वात आधी डेझ्मंड माझ्याकडं धावला आणि मला मिठी मारली, कारण वर्तमानपत्राचा फोटोवाला तोवर आत आला होता. "सात वर्षांचा लढा," तो माझ्या खांद्यावरून बातमीदाराला सांगत होता, "पक्ष आपल्या भूमिकेवरून तसूभरही हलला नाही." बातमीदार मुलगी मला म्हणाली, "मिसेस थ्रॉस्बी, तुम्ही आजारी होता असं कळलं." मी म्हटलं, "मी नव्हते, बाई. पक्ष आजारी होता. आता जरा उतार आहे. आणि लिहून घ्या, मिस्टर पार्जेटर गुरुवारी माझ्या घरी मला हरायला सांगायला आले होते. तीन बिस्किटं खाल्ली." डेझ्मंडचा हात माझ्या खांद्यावरून असा उचलला गेला, की जणू खांदा तापलेला होता. मे महिन्याचं माझं त्याच क्षणी ठरून गेलं, आणि मला हलकं वाटलं नाही. गॅलरी रिकामी होती.

मी मागच्या अंगणात गेले. कौन्सिलच्या चकचकीत मोटारींच्या रांगेत हंटची गाडी उभी होती, मागं ताडपत्रीखाली मेलेली गाय. मतदान असो की नसो, शेतकऱ्याचा निरोप आला की उचलावीच लागते. सिरिल आत बसला होता, दोन्ही हात चाकावर. टाय काढून आरशाला लटकवला होता. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि चढून बसले.

"उतर," तो म्हणाला.

"नाही."

"एनी, मला तुझं तोंड बघायचं नाही."

"मग पुढं बघ. गाडी चालवायचीय."

त्यानं किल्लीला हात लावला आणि काढला. ताडपत्रीवर माश्या बसत होत्या. "शेजारच्यांना मी आज रात्री फोन करणार," तो म्हणाला. "तरण्यांची यादी करतो. तू त्यात पडू नकोस." मी म्हटलं, "नाही पडत." "आणि तुझ्या त्या वरच्या खोलीत मी मेलो तरी येणार नाही." "बरं." "बरं काय बरं? भांड ना!" त्याचा आवाज फुटला. मी भांडले नाही. मला तो अधिकार आज नव्हता, आणि नसलेला अधिकार वापरायची खोड मला पक्षात राहूनही लागलेली नाही. थोड्या वेळानं तो नाक पुसून म्हणाला, "कुठं यायचंय तुला?"

"तुझ्या घरी. डोरीनला मी सांगणार."

"ती तुला आत घेणार नाही."

"बाहेरून सांगीन."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, मेलेलं जनावर उचलायच्या आधी किती जड आहे याचा अंदाज घेतात तसं. मग गाडी सुरू केली. वाटेत फक्त वास होता, तो दोघांना पुरला. घर आलं तेव्हा डोरीन जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून दार उघडं ठेवून बसली होती, आणि गाडीतून मी उतरलेली पाहताच तिला कळलं, कारण हरले असते तर मी आलेच नसते. ती उठली नाही. मी पायरीवर उभी राहिले आणि सगळं सांगितलं: पार्जेटर, कर्नल, सव्वीस-सव्वीस, उघडं दार, माझा हात. माफी मागितली नाही, कारण मी पुन्हा तसंच केलं असतं आणि ते तिला माहीत होतं. ती ऐकत होती, धापा टाकत, हात मांडीवर ठेवून. भिंतीपलीकडं हाउंडांना गाडीचा वास लागला आणि साडेबत्तीस जोड्यांनी एकदम आवाज उठवला, इतका की मला शेवटची दोन वाक्यं ओरडून सांगावी लागली. आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो. मग डोरीन म्हणाली, "दार लाव, गार वारा येतोय." आतून लावू की बाहेरून, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी आत आले.